दादाचा हात

मास्तरांना झटका आला तेव्हा ते एका कोटाचं कापड कापत होते. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. मास्तर मापं घेतात आणि कापतात. काजं-बटणं, हातशिलाई आणि रुसलेल्या गिऱ्हाइकांची समजूत, ही खाती माझ्याकडे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. लग्नानंतर महिन्याभरात मीही म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं.

सकाळची वेळ होती. राखाडी लोकरीचं कापड टेबलावर पसरलेलं, खडूने आखलेलं. मास्तरांनी उजवीकडचं कापलं, कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "झालं."

"अर्धंच कापलंय," मी म्हटलं.

"पूर्ण कापलंय. डोळे तपासून घे."

मी काजाच्या सुईवरून मान वर केली. त्यांच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती, एखादा टाका आतून उसवावा तशी. डावा हात टेबलाच्या कडेवरून लोंबत होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

मी पाणी दिलं नाही, शेजारी कोणाला विचारलं नाही. फोन उचलला, ॲम्ब्युलन्स बोलावली, शटर ओढलं. मास्तर म्हणत होते, "जरा पडतो, बरं वाटेल." मी म्हटलं, "गाडीत पडा."

हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे. गुठळी काढली, पण दुसऱ्या दिवशी मेंदूला इतकी सूज आली की कवटीचा उजवीकडचा तुकडाच काढून ठेवावा लागला, सुजेला जागा मिळावी म्हणून. त्या रात्रीबद्दल मला फारसं काही आठवत नाही. आठवतं ते तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते. "तुम्ही वेळ घालवला नाहीत म्हणून हा माणूस जिवंत आहे. लोक थांबून बघतात. तुम्ही थांबला नाहीत."

त्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि मला ते घेववेना. ते का, ते सांगतेच पुढे.

"ते हाड कुठे ठेवलंय?" मी नर्सला विचारलं.

"फ्रीजरमध्ये. नाव लिहून. तीन महिन्यांनी परत बसवतात."

आम्हीही उरलेल्या कापडाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवतो. मला उगाच हसू आलं आणि मग बराच वेळ थांबेना.

दहाव्या दिवशी मास्तर नीट शुद्धीवर आले. बोलणं जागेवर होतं, मला ओळखलं, दुकानाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारलं. पट्टीखाली डोक्याची एक बाजू खोलगट झाली होती आणि श्वासाबरोबर हलकेच वरखाली व्हायची. त्याची मला सवय झाली. सवय झाली नाही ती दुसऱ्याच गोष्टीची.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा डावा हात उचलून समोर धरला. "मास्तर, हा हात कोणाचा?"

त्यांनी पाहिलं. "दादाचा."

"दादा कोण?"

"माझा मोठा भाऊ."

"ते कुठे असतात?"

"वारला. नऊ वर्षं झाली."

"मग त्यांचा हात इथे कसा?"

"ते तुम्ही सांगा," मास्तर म्हणाले. "हॉस्पिटल तुमचं आहे."

सगळे हसले, मास्तर नाही हसले. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन समजावलं. मेंदूचा जो भाग डावी बाजू सांभाळतो तोच जखमी झालाय. त्यांच्या लेखी डावीकडे काही उरलेलंच नाही. तरी एक हात दिसतो, तेव्हा मेंदू त्याला मालक शोधून देतो. कोणी नर्सचा म्हणतं, कोणी शेजारच्या पेशंटचा. "हे वेड नाही," त्या म्हणाल्या. "वाद घालू नका. हळूहळू जाईल."

मी मान डोलावली. पण परत खोलीत आले तेव्हा माझी नजर त्या हातावर गेली. सूज येऊन बोटं जाड झाली होती. मास्तरांची बोटं लांबसडक; दादा म्हणजे माझे भाऊजी, त्यांची जाड आणि आखूड. पांढऱ्या उशीवर जो हात पडला होता तो भाऊजींच्या हातासारखाच होता. मी चादर वर ओढली.

भाऊजी आमच्याबरोबरच राहायचे. लग्न केलं नाही. दुकान त्यांनीच उभं केलं, मास्तरांना कापायला त्यांनीच शिकवलं. जेवताना दोघं भाऊ एकमेकांशी चार शब्द बोलत नसत, पण एक उठला की दुसरा उठायचा. भाऊजी गेले ते दुकानातच, कटिंगच्या टेबलापाशी, दुपारी चार वाजता, हृदयाच्या झटक्याने. मास्तर रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं, कात्री हातात घेतली, आणि त्यानंतर घरात भाऊजींचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. आता तोच माणूस परिचारिकेला सांगत होता, "त्या बाजूने सुई टोचू नका, दादा आत्ताच झोपलाय."

हळूहळू त्यांना उठवून बसवायला लागले. ताटाच्या उजव्या अर्ध्यातलं जेवायचे आणि तक्रार करायचे की हॉस्पिटलवाले माणसाला उपाशी मारतात. मी ताट फिरवलं की म्हणायचे, "आता वाढलं?" अर्धीच दाढी करून वर आरशात बघून खूश व्हायचे. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिला मी बाळ म्हणायचे, मास्तर मॅडम म्हणायचे. तिने एकदा कागद-पेन्सिल देऊन शर्टाचं चित्र काढायला सांगितलं. कॉलरचं टोक, काजांची पट्टी, खिसा, खांद्याचा उतार, सगळं माप घेतल्यासारखं रेखलेलं. पण शर्ट मधोमध संपलेला. काजं होती, बटणं नव्हती. मुलीने विचारलं, "पूर्ण झाला?" मास्तर म्हणाले, "इस्त्री राहिलीय."

हे सगळं चालवून घेता आलं असतं. पण एका दुपारी मी टॉवेलाची घडी घालत होते आणि मास्तर खिडकीकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दादा म्हणतोय, हात जड झालाय. सकाळपासून दुखतोय म्हणतो."

घडी घातलेला टॉवेल मी उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

मुलगी आली तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे, लुळ्या हाताचं वजन खांद्यावर येतं, म्हणून दुखतो. तिने हाताखाली आणखी एक उशी दिली. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

माझा मिटला नाही, कारण ते शब्द मी आधी ऐकले होते. भाऊजी गेले त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मास्तर बटणं आणायला बाहेर गेले होते. भाऊजी माझ्या स्टुलापाशी आले आणि म्हणाले, "हा हात जड झालाय गं. सकाळपासून दुखतोय. त्याला सांगू नकोस, उगाच दुकान बंद करून मला डॉक्टरकडे फरपटत नेईल. दोन कोट द्यायचेत आज." मी विचारलं, "बाम चोळून देऊ?" ते म्हणाले, "नको, जाईल." मास्तर परत आले. मी तोंडातून ब्र काढला नाही. दुपारी चार वाजता भाऊजी टेबलावर ओणवे झाले ते उठलेच नाहीत.

नऊ वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या वेळी फोनकडे हात गेला तो शहाणपणाने नाही, त्या सकाळच्या धास्तीने. आणि आता भाऊजींचा हात रोज माझ्यासमोर उशीवर पडलेला असायचा. पाच बोटं, माझ्याकडे वळलेली.

सहा आठवड्यांनी मास्तरांना घरी आणलं. डोक्याला कान झाकणारं जाड हेल्मेट, हातात चार पायांची काठी. दारातून आत येताना डावा खांदा चौकटीवर आपटला. मास्तर चौकटीला म्हणाले, "दादा, जरा सांभाळून." पलंगावर त्यांनी भिंतीकडची जागा दादाला दिली आणि मी खाली गादी घातली.

मी तुम्हाला खरं सांगते, घरात तिघं असल्यासारखं वाटायला लागलं. चहा आणला की मास्तर विचारायचे, "आणि दादाचा?" वाद घालू नका असं सांगितलेलं, म्हणून मी दुसरा कप ठेवायचे. तो गार व्हायचा, मग मीच प्यायचे. एकदा चादर बदलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, थोडं सरका." हात अर्थातच सरकला नाही. मी तो दोन्ही हातांनी उचलून पोटावर ठेवला. गरम होता. माझी समजूत अशी होती की गेलेल्या माणसाचा हात गार असायला हवा, आणि हा गरम असल्यामुळे मला जास्त भीती वाटली.

रोज दुपारी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं एकेक करून मोकळी करायची, असं व्यायामाच्या मुलीने सांगितलं होतं; ती आता घरी यायची. अशाच एका दुपारी मास्तरांचे डोळे मिटलेले, श्वास संथ. पातेल्यात तो हात, त्याच्याभोवती माझे हात. आणि मी बोलायला लागले. हळू आवाजात, त्या हाताशी.

"भाऊजी, मी सांगायला हवं होतं. तुम्ही नको म्हणालात तरी सांगायला हवं होतं. मला वाटलं, जाईल. मला त्या दोन कोटांची काजं पुरी करायची होती. तुम्ही दिवसभर माझ्यासमोर होता आणि मी मान वर करून बघितलं नाही."

पाणी गार होईपर्यंत मी बोलत राहिले. मग हात पुसला, उशीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्यानंतर आठवड्याभराने मुलीने नेहमीप्रमाणे विचारलं, "मास्तर, हा हात कोणाचा?" मास्तरांनी बराच वेळ लावला. उजव्या हाताने डाव्याचं मनगट चाचपलं, तिथून कोपर, कोपरापासून खांदा, खांद्यापासून स्वतःची मान. बाहीचं माप घेतात तसं. मग म्हणाले, "हा मलाच जोडलेला आहे."

मुलीला काय करू नि काय नको असं झालं. तिने टाळ्या वाजवल्या, मला मिठी मारली. मीही हसले. मास्तर मात्र त्या हाताकडे बघत बसले होते. तिची पाठ वळल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हणजे दादा गेला?"

"नऊ वर्षं झाली, मास्तर."

"ते माहीत आहे," ते म्हणाले. "पण आत्ता इथे होता ना."

आणि ते रडायला लागले. तोंडाच्या एकाच बाजूने रडत होते, दुसरी बाजू तशीच थंड. अर्धा तास तरी रडले असतील. नऊ वर्षांपूर्वी जे व्हायला हवं होतं ते त्या दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत, हेल्मेट घातलेल्या डोक्याने झालं. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, चला, एकाचं तरी ओझं उतरलं.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती वाजता सांगितलं होतं त्याने तुला?"

मी त्यांच्या पाठीवरचा हात काढला.

"तू हात पाण्यात धरून बोलत होतीस तेव्हा मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते. किती वाजता?"

"दहा. सव्वादहा असतील."

"आणि गेला चारला."

"हो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं होतं, ओरडतील. ते परवडलं असतं. त्यांनी बोलणंच टाकलं. हवं-नको तेवढं एका शब्दात. पाणी. काठी. दार. मी शर्टाची बटणं लावायला पुढे झाले की उजव्या हाताने मला बाजूला सारायचे आणि मुलगी येईपर्यंत उघड्या शर्टाने बसायचे. माझा संशय होता की भाऊजी गेल्यामुळे आता त्यांच्या बाजूने भांडायचं काम मास्तरांनी घेतलंय. तीन आठवडे गेले. मी आरशासमोर उभी राहून उत्तरं तयार करायचे. भाऊजींनीच शपथ घातल्यासारखं सांगितलं होतं. मला काय कळतं त्यातलं. उत्तरं सगळी बरोबर होती आणि एकही बोलवत नव्हतं.

त्याच काळात हाड परत बसवायचं ऑपरेशन ठरलं. सकाळी त्यांना आत नेण्याआधी मी कॉटशेजारी उभी होते. नर्सने सही घेतली. मास्तर छताकडे बघत म्हणाले, "मला दिसलं होतं."

"काय?"

"दादाचा चेहरा. त्या दुपारी जेवताना घाम आला होता. पंखा चालू होता तरी. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, मग चल, अस्तर लावून घेऊ." ते थांबले. "पुन्हा विचारता आलं असतं. नाही विचारलं."

एवढ्यात ढकलगाडीवाले आले. मी नुसता हात धरला, आणि गाडी सुरू झाल्यावर लक्षात आलं की डावा धरलाय. मला वाटतं त्यांनी बोटं किंचित आवळली. बोटांत तेव्हा जीव आला नव्हता असं मुलगी ठामपणे सांगते, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही.

हाड नीट बसलं. डोकं पुन्हा गोल झालं. मास्तर शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य माझ्याशी बोलले. म्हणाले, "कोट नेला का त्या माणसाने?" तो राखाडी कोट केव्हाच दुसऱ्या दुकानातून शिवून झाला होता. मी म्हटलं, "नेला." खोटं होतं, पण फार छोटं.

पाच महिन्यांनी आम्ही दुकान उघडलं. टेबलाच्या डाव्या कडेला मी लाल फीत चिकटवली. फीत दिसेपर्यंत मान वळवत राहायचं, ती दिसली की मग कापायला घ्यायचं, असा नेम. आधी उशांचे अभ्रे कापले, मग पायजमे, मग एक साधा शर्ट. खांदा आणि कोपर हलायला लागलं होतं. बोटं अर्धवट मिटतात, पण कापडावर दाब द्यायला हात पुरतो. पहिल्या शर्टाच्या दोन बाह्यांत बोटभर फरक आला. गिऱ्हाईक जुनं होतं. म्हणालं, "मास्तर, माझाच एक हात लांब असेल." मास्तरांनी तो शर्ट परत घेऊन उसवला आणि बाह्या पुन्हा लावल्या.

घरात आता भाऊजींचं नाव निघतं. मास्तर उठून जात नाहीत. उलट विचारतात, त्या सकाळी तो आणखी काय म्हणाला? कोणत्या हाताने स्टूल ओढलं? मी आठवेल तेवढं सांगते. काही दिवस ऐकून घेतात, काही दिवस पुन्हा घुम्यासारखे बसतात. तो राग पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. आणि मला माझाच जो राग आला आहे तो कुठे जाणार?

डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या भेटीत बजावलं होतं की फार थकवा आला किंवा ताप चढला तर जुनी लक्षणं थोडा वेळ डोकं वर काढतात, घाबरू नका. थंडीत मास्तरांना ताप आला. मी तासाभरात त्यांना दवाखान्यात नेलं, तपासण्या केल्या, साधाच ताप निघाला. घरी आणून निजवलं. दुपारी मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते तर ते कुशीवर वळले, भिंतीकडे जागा केली आणि पुटपुटले, "दादा, तू आत सर. तुला गार लागेल."

दोन दिवस तो हात त्यांचा नव्हता. मी त्याच्यावर वेगळं पांघरूण घातलं. औषधाच्या वेळा पाळल्या, दुकान बंद ठेवलं. बोलावंसं वाटत होतं. पलंगाच्या कडेला बसून मी कितीदा तोंड उघडलं, पण आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि विचारण्यासारखं जे होतं ते विचारायचा धीर झाला नाही. मी फक्त बोटं मोकळी केली, एकेक करून.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मास्तर उठून बसले, घामाने भिजलेले, पण नजर स्वच्छ.

"दादा आला होता ना?"

"हो."

"काही म्हणाला?"

"नाही. शांत होता."

"तू काही म्हणालीस?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ दोघंही हाताखालच्या उशीकडे बघत राहिलो. तिला मधोमध खड्डा पडला होता. मग त्यांनी शर्ट मागितला. मी धरायला गेले तर म्हणाले, राहू दे. दुबळा हात आधी घालायचा असतो. उजव्या हाताने बाही गोळा करून त्यांनी ती डाव्या बोटांवरून सरकवली, मनगटावरून, कोपरावरून, थांबत, पुन्हा ओढत. त्या दिवशी दुकान उघडायला साडेअकरा झाले.